जुनी कंबरदुखी सोबत घेऊन रोजचा दिवस कसा चालवायचा

कंबर दुखायला लागून तीन महिन्यांच्या वर झालेत, एक्सरे झाला, एमआरआय झाला, पट्टा आणून कपाटात पडलाय, शेक घेऊन झाला, तेलं चोळून झाली आणि डॉक्टर म्हणतात ऑपरेशनसारखं काही नाही, थोडी झीज आहे, काळजी घ्या. आता ही काळजी घ्या म्हणजे नक्की काय करायचं ते कोणी सांगत नाही कारण ओपीडीत तेवढा वेळच नसतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं कंबर सांभाळून घर आणि नोकरी दोन्ही करणारी बाई आहे, आणि गुडघा, मान, खांदा कशाचंही जुनं दुखणं असलं तरी यातलं बरंचसं चालेल, पण मी कंबरेचंच धरून लिहितेय कारण ते मला आतून माहितीये.

आधी एक गोष्ट तपासा, मगच पुढे वाचा

खालचं काही असेल तर हा लेख बंद करून डॉक्टर गाठा. लघवी अडकणं किंवा कळत नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेला बधिरपणा येणं, पायातली ताकद कमी होत जाणं (चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, पाऊल घासत चालतं) हे असेल तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं असेल तर मणक्याचा टीबी तपासून घ्यावा लागतो, आपल्याकडे तो अजूनही सापडतो आणि औषधाने बरा होतो पण उशीर झाला तर मणका खचतो. आधी कॅन्सर होऊन गेलाय, खूप दिवस स्टेरॉइड चालू आहे, किंवा वय झालंय आणि साधं घसरून पडल्यापासून दुखतंय, तरीही आधी तपासणी.

यातलं काही नसेल तर पुढे चला.

पायरी १: एमआरआयच्या कागदाला किती घाबरायचं ते ठरवा

त्या रिपोर्टमधली भाषा वाचून माणूस अर्धा खचतो. डिस्क बल्ज (दोन मणक्यांमधली गादी फुगणं), डिजनरेटिव्ह चेंजेस (झीज), अमुक मणक्याशी नस दबतेय. आता हे ऐका, 2015 साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता ज्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले होते, तर विशीतल्या 37 टक्के लोकांत डिस्कची झीज दिसली, पन्नाशीत 80 टक्के आणि ऐंशीच्या घरात 96 टक्के. डिस्क बल्ज पन्नाशीतल्या 60 टक्के लोकांत होता. हे सगळे न दुखणारे लोक बरं का! म्हणजे झीज खरी आहे, पण केस पांढरे होतात तसं वयाबरोबर येणारंही त्यात बरंच असतं आणि तुमचं दुखणं त्याच्यामुळेच आहे असं कागदावरून ठामपणे सांगता येत नाही.

याचा अर्थ दुखणं खोटं असा अजिबात नाही. दुखणं शंभर टक्के खरं असतं. फक्त तीन महिन्यांच्या वर गेलेल्या दुखण्यात नसा आणि मेंदू इतके तयार होऊन बसलेले असतात की जरा कुठे हालचाल झाली की कळ सुरू, सोसायटीतल्या एखाद्या गाडीचा अलार्म कसा मांजर बोनेटवर चढलं तरी कोकलतो तसं. त्यामुळे दुखलं म्हणजे आत काहीतरी तुटलं हे समीकरण जुन्या दुखण्यात दरवेळी खरं नसतं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या जातात. नाही बसलं तर वाकायलाच भीती वाटते, माणूस आखडून चालतो, स्नायू अजून ताठरतात आणि अजून दुखतं.

घरातल्या कोणी 'मनाचे खेळ आहेत' म्हटलं तर त्यांना वरचा परिच्छेद वाचायला द्या.

पायरी २: आठवडाभर नोंद ठेवा, पण आठवडाभरच

एक साधी वही घ्या किंवा मोबाइलमधल्या नोट्स. दुखण्याला सारखा नंबर देत बसायचं नाही, त्याने लक्ष अजून तिकडेच जातं. लिहायचं काय तर कोणतं काम किती मिनिटं केल्यावर कंबर बोलायला लागली. ओट्याशी उभं राहून किती मिनिटं, खुर्चीत किती, स्कूटीवर किती, चालताना किती. सोबत रात्री झोप कशी झाली ते एका शब्दात. आणि दुखणं कसलं आहे ते आपल्या भाषेत लिहा, ठणका आहे, सणक जाते, ओढ लागल्यासारखं होतं, पायात मुंग्या येतात, जळजळ होते, की सकाळी उठल्यावर आखडलेलं असतं आणि हालचाल केल्यावर सुटतं. हे पुढे डॉक्टरला फार कामाला येतं, कारण पायात उतरणारी जळजळ नि मुंग्या म्हणजे नसेचं दुखणं असू शकतं आणि त्याची औषधं वेगळी. आणि चाळिशीच्या आतल्या माणसाला रोज सकाळी अर्ध्या तासाच्या वर आखडतं, हललं की बरं वाटतं आणि झोपून राहिलं की वाढतं, तर संधिवाताच्या डॉक्टरला, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टला एकदा दाखवायलाच हवं.

पायरी ३: कामं दुखण्यावर नाही, घड्याळावर तोडा

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या.

आपण काय करतो, ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी 'बरं वाटतंय तोवर उरकून घेऊ' म्हणून कपाट आवरतो, जाळ्या काढतो, चादरी धुतो, बाजारहाट करतो, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येत नाही, मग दोन दिवस आडवं, मग परत बरं वाटलं की राहिलेलं सगळं एकदम. या चक्रात गंमत अशी होते की महिन्याभराने बघाल तर बऱ्या दिवसांत होणारं काम हळूहळू कमी होत गेलेलं असतं. शरीर शिकतं की काम केलं की शिक्षा मिळते.

उपाय असा की दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, दुखायच्या आधी थांबायचं, आणि बरं वाटत असलं तरी थांबायचं. यालाच फिजिओ, म्हणजे व्यायामाने उपचार करणारे फिजिओथेरपिस्ट, 'पेसिंग' म्हणतात. हिशोब सोपा आहे. वहीत बघा, ओट्याशी उभं राहिल्यावर वाईट दिवशी 10 मिनिटांत कळ सुरू होते आणि बऱ्या दिवशी 30 मिनिटं चालतं, तर सरासरी 20, त्यातला पाचवा हिस्सा कमी केला की 16, म्हणजे धरा 15. आता रोज, बरा दिवस असो की वाईट, 15 मिनिटांचा टायमर लावायचा, तो वाजला की गॅस बारीक करून पाच मिनिटं बसायचं किंवा चार पावलं चालून यायचं, मग परत 15. पोळ्या अर्ध्या राहिल्या तर राहिल्या. पहिले काही दिवस हे भयंकर वैतागवाणं वाटतं, कारण हात चालू असतो आणि मधेच थांबणं आपल्या स्वभावात नाही. पण आठवडा दोन आठवडे नीट गेलं की दोन मिनिटं वाढवा, मग अजून दोन. वाईट दिवशी वाढवायचं नाही आणि बऱ्या दिवशी उडी मारायची नाही.

आता प्रत्यक्ष कामांचं बघू.

पोळ्यांचं म्हणाल तर कणिक उभं राहून मळायचीच असं कुठे लिहिलंय, डायनिंग टेबलाशी बसून मळा, लाटणंही बसून होतं, फक्त भाजायला उभं राहा. ओट्याशी उभं राहताना पायाशी एक छोटा पाट ठेवा आणि एक पाय त्याच्यावर, थोड्या वेळाने दुसरा, इतक्याशा गोष्टीने कंबरेवरचा ताण कमी होतो. रोजचे डबे, चहासाखर, कुकर हे कमरेच्या ते खांद्याच्या उंचीत आणा, आणि माळ्यावरची नि अगदी खालच्या कप्प्यातली भांडी वर्षातून दोनदा लागणारी असतील तीच तिथे राहू द्या.

बादली अर्धीच भरा, दोन खेपा घाला. पाण्याचा 20 लिटरचा जार म्हणजे 20 किलो, तो एकट्याने डिस्पेन्सरवर उलटा करायचा नाही, खालून नळ असलेला स्टँड मिळतो किंवा छोट्या पंपाने पाणी काढता येतं. भरलेला सिलेंडर तर साधारण 30 किलोचा (आत 14.2 किलो गॅस, बाकी लोखंड), तो आणणाऱ्यालाच स्वयंपाकघरात ठेवायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उचलायचंच झालं तर वस्तू अंगाजवळ आणून, पाय थोडे फाकवून, आणि उचलतानाच वळायचं नाही, आधी उचला मग पावलं टाकून वळा. पण वाकायचंच नाही असा नेम करू नका, कंबर वाकण्यासाठीच असते, नुसती सवय मोडलेली असते.

लादी पुसायला लांब दांड्याचा मॉप. उकिडवं बसून पुसणं हा व्यायाम आहे असं ऐकवणारे असतात, ज्यांना झेपतंय त्यांनी करावा की.

सणाचं वेगळं लिहावं लागतं कारण सगळे हिशोब तिथे कोलमडतात. दिवाळीचा फराळ एका दिवसात संपवायची जी जिद्द असते ना ती सोडा. चिवडा एका दिवशी, शंकरपाळे दुसऱ्या, चकलीला दोघं हवेतच, एकाने सोऱ्या दाबायचा एकाने तळायचं, आणि अनारसे विकत आणले तर लक्ष्मी रागावत नाही. गौरीगणपतीत पाहुण्यांच्या पंगतीला तासन्‌तास उभं राहणं टाळता येत नसेल तर आधीचा आणि नंतरचा दिवस मोकळा ठेवा, आधीच ठरवून.

ऑफिसवाल्यांनी खुर्चीवर हजारो रुपये घालायच्या आधी मोबाइलचा अलार्म लावावा, अर्ध्या तासाने उठायचं, पाण्याच्या बाटलीऐवजी ग्लास ठेवला की आपोआप उठणं होतं. परफेक्ट बसणं असं काही नसतं, बदलत राहणं महत्त्वाचं. लोकलमध्ये सॅक पुढे लटकवून तासभर उभं राहण्यापेक्षा रॅकवर टाका. एसटीत मागच्या चाकावरची नि शेवटची सीट घेऊ नका, खड्ड्यात तीच सगळ्यात जास्त उडते, मधली बघा, आणि जिथे गाडी थांबेल तिथे खाली उतरून फिरा. स्कूटी मेन स्टँडला चढवणं कंबरेला बोचतं, सपाट जागा असेल तर साइड स्टँड.

पायरी ४: चालणं, आणि थोडा व्यायाम

झोपून राहून जुनी कंबरदुखी बरी होत नाही हे आता जगभर मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी पहिल्यांदा वेगळी मार्गदर्शक सूचना काढली, त्यात समजावून सांगणं, व्यायाम, मसाज, आणि विचारांवर काम करणारी मानसोपचार पद्धत हे सुचवलंय, आणि बहुतेकांसाठी नको म्हणून जी यादी दिलीये त्यात कंबरेचा पट्टा आहे, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून ओढणं आहे, आणि अफूच्या जातीची वेदनाशामकंही आहेत. आपल्याकडे नेमकं पट्टा आणि ट्रॅक्शन पहिल्या दिवशी हातात पडतं! पट्टा लांबच्या प्रवासापुरता बांधला तर बांधला, दिवसभर नको.

चालण्याबद्दल एक छान अभ्यास आहे, ऑस्ट्रेलियातला, 2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या 701 लोकांपैकी काहींना फिजिओच्या मदतीने हळूहळू वाढवत आठवड्यात पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं, बाकीच्यांना काहीच दिलं नाही. न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं 112 दिवसांत परत उलटलं, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं उलटायला 208 दिवस लागले. चमत्कार नाही, पण फुकट आहे. सुरुवात पेसिंगच्याच नियमाने, सात मिनिटं झेपत असतील तर सातच, सकाळी एकदा संध्याकाळी एकदा. पावसाळ्यात घरातल्या घरात किंवा पार्किंगमध्ये.

व्यायाम फिजिओने एकदा समोर करून घेतलेला चांगला, यूट्यूबवर बघून एकदम दहा प्रकार करू नयेत. साधारण जे शिकवतात ते असं, गुडघे वाकवून पाठीवर झोपून कंबर उचलणं (सेतुबंधासनाची सोपी आवृत्ती), हात आणि गुडघे टेकून मांजरासारखी पाठ वर खाली करणं, त्याच अवस्थेत एक हात समोर आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करणं, आणि खुर्चीतून हात न टेकता उठून बसणं. शेवटचा सगळ्यात उपयोगी, कारण तो दिवसभर लागतो. व्यायाम केल्यावर थोडं दुखणार, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीसारखं झालं तर चालतंय, दुसरा दिवस संपेपर्यंत वाढलेलंच राहिलं तर पुढच्या वेळी कमी करा. सूर्यनमस्कार ज्यांना आवडतात त्यांनी लगेच बाराच्या मागे लागू नये, दोन घालावेत.

पायरी ५: झोप

दुखतं म्हणून झोप येत नाही आणि झोप झाली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं. फळीवर किंवा जमिनीवर झोपा हा सल्ला सगळीकडून मिळतो, पण 2003 मध्ये स्पेनमध्ये 313 जणांवर कडक आणि मध्यम गादी अशी तुलना करून बघितली तेव्हा मध्यम गादीवाल्यांची कंबर जास्त सुधारली. तेव्हा गादी फेकायची घाई नको. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमध्ये उशी, पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या जोरावर उठायचं. रात्री कितीही वाजता झोप लागो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको. घोरणं खूप असेल तर तेही डॉक्टरला सांगा.

पायरी ६: गोळ्यांचा हिशोब

इथे जरा कडक लिहिते कारण मेडिकलवाल्याकडून 'ती कंबरेची गोळी द्या' असं मागून खाणारी खूप माणसं आजूबाजूला आहेत. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या एका कुळातल्या गोळ्या. चार दिवस उसळलेल्या दुखण्याला ठीक, महिनोन्‌महिने रोज खाल्ल्या तर पोटात अल्सर, किडनीवर परिणाम, बीपी वाढणं, हृदयाला धोका. बीपीच्या, लघवी होण्याच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय एकही नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच औषध असतं, आणि पॅरासिटामॉल तर सर्दीच्या गोळीतही असतं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅम ही शेवटची मर्यादा, वय जास्त, वजन कमी, लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर त्याच्या बरंच आत राहावं लागतं, किती ते डॉक्टरला विचारा.

नसेच्या दुखण्याला अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रिगॅबॅलिन अशी औषधं देतात. पहिल्या दोन डिप्रेशनसाठीही वापरतात म्हणून 'मला वेड्याची गोळी दिली' असं समजू नका, दुखण्याचे संदेश नेणाऱ्या नसांवर त्यांचं काम असतं. सुस्ती, चक्कर, तोंड कोरडं होणं हे होऊ शकतं, गाडी चालवताना जपा, आणि मनाने एकदम बंद करू नका, उतरवत बंद करायच्या असतात.

बिनलेबलच्या पुड्या, 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या आणि दोन दिवसांत जादू करणाऱ्या, त्यांच्यात स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणं वारंवार पकडली गेलीत. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कोणी महिनोन्‌महिने अशी पुडी घेत असेल तर अचानक थांबवणंही धोक्याचं, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

बी12 आणि डी जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या, शाकाहारी लोकांत आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी12 कमी असणं नेहमीचं आहे आणि त्यानेही मुंग्या येतात. पण 60,000 युनिटची डीची पावडर दर आठवड्याला वर्षभर स्वतःच्या मनाने घेत राहू नका, रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीपर्यंत जातं.

पायरी ७: उसळलं की काय करायचं, ते बरं असताना लिहून ठेवा

कितीही सांभाळलं तरी मधूनच कंबर धरते. त्या वेळी डोकं चालत नाही म्हणून फ्रिजवर चिठ्ठी लावा. माझ्या चिठ्ठीवर आहे ते असं: आधी वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा बघ. नाहीत ना, मग गरम पाण्याची पिशवी 15 ते 20 मिनिटं, मध्ये कापड. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेव. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. डॉक्टरने ठरवून दिलेली गोळी, तेवढीच, जेवणानंतर. दर तासाला उठून घरात एक चक्कर. कामं अर्धी कर, शून्य नाही. मऊ भात आणि मेतकूट.

दोनतीन दिवसांत उतार पडायला लागतो, मग टायमर थोडा खाली आणून परत सुरू. दोन आठवडे झाले तरी उतार नाही तर डॉक्टर.

पायरी ८: घरचे, आणि डॉक्टर

दुखणं दिसत नाही, प्लास्टर नाही, टाके नाहीत, त्यामुळे घरच्यांना अंदाज येत नाही हे त्यांच्या बाजूनेही खरंय. 'मला होत नाही' यापेक्षा 'मी भाजी चिरून देते, तू कुकर उतरव' असं नेमकं सांगितलं की काम होतं. सासूबाई किंवा आई 'आमच्या वेळी' सुरू करतील, करू द्या. बायकांनी आपलं दुखणं शेवटी ठेवायचं ही पद्धत घरोघरी आहे आणि त्यात कौतुकासारखं काही मला दिसत नाही.

झोप उडालीये, कशात मन लागत नाही, रडू येतं, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर तेही उपचारातच धरा, जुन्या दुखण्यात नैराश्य येणं फार सामान्य आहे आणि ते सुधारलं की दुखणंही सोसवतं. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका, घरात कोणाला तरी लगेच सांगा आणि 14416 या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करा, तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टर कोणता हा प्रश्न नेहमी येतो. ऑर्थोपेडिककडे आपण जातोच, पण फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशन नावाची (ऑपरेशनशिवाय हालचाल आणि रोजची कामं परत जमवून देणारी) वेगळी शाखा असते ते बऱ्याच जणांना माहीत नसतं, मुंबईत हाजी अलीजवळ याचीच केंद्र सरकारची संस्था आहे. मोठ्या मेडिकल कॉलेजांत भूलतज्ज्ञांचा विभाग पेन क्लिनिक चालवतो, चौकशीच्या खिडकीवर त्याच नावाने विचारा, वार ठरलेले असतात. जाताना सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला (नावं आठवत नाहीत), आणि एका कागदावर चार ओळी: कधीपासून, कसलं दुखतं, कशाने वाढतं कशाने उतरतं, आणि तुम्हाला काय परत करता यायला हवंय. ही चौथी ओळ नेमकी लिहा, 'दुखणं जावं' असं नको, 'नातवाला उचलून घेता यावं', 'एसटीने माहेरी जाता यावं' असं, म्हणजे फिजिओला त्याच हालचालीचा व्यायाम देता येतो आणि तीन महिन्यांनी फरक पडला की नाही हे दोघांनाही बघता येतं.